कैरोत पाऊस

बऱ्हाणपुरात विनायक पुराणिक मास्तरांना एका जागी स्वस्थ बसलेलं कोणी पाहिलं असेल तर त्याने खुशाल पुढे यावं, आपण त्याला पावशेर माव्याची जिलबी चारू. देवाने या माणसाला दोन पाय दिले आणि वर भिंगरीही बांधून दिली. वर्गात खुर्ची होती, पण तिच्यावर मास्तरांचा कोट बसायचा. मास्तर फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून फळ्यापर्यंत येरझारा घालत भूगोल शिकवायचे. घरी जेवतानासुद्धा दोन घास झाले की उठून दाराबाहेर डोकावून यायचे. त्यांच्या बायको शारदाबाई म्हणायच्या, "तुम्हाला वाढण्यापेक्षा तापीच्या पुराला वाढावं. तो निदान एका दिशेने तरी जातो."

अशा माणसाला भूगोल मिळाला हे बरंच झालं म्हणायचं, पण तिथेही नशीब आडवं आलं. सत्तेचाळीस साल उजाडलं आणि वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा हलायला लागला. आधी फाळणीत दोन बाजूंचे तुकडे गेले. मग एकेक संस्थान विलीन व्हायला लागलं. पिवळ्या रंगाची ठिगळं आज एक, उद्या दोन अशी पुसली जायला लागली. शेजारचं अर्धं निमाड होळकरांचं, ते एका सहीसरशी मध्यभारतात गेलं. मास्तरांनी महिनाभर राबून मुलांकडून संस्थानांची नावं घोकून घ्यावीत आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वर्तमानपत्राने सांगावं, की आता ती नाहीत! मास्तरांचे हाल कुत्रं खाईना. "हा नकाशा आहे की पोळपाटावरची पोळी?" ते चिडून म्हणायचे. "जो येतो तो लाटून जातो!"

म्हणून मास्तरांनी काही गोष्टी घट्ट धरून ठेवल्या होत्या. ज्यांना कुठलं सरकार हात लावू शकत नाही अशा. हिमालयाची उंची, नाईलची लांबी आणि कैरोचं हवामान. कैरो तर त्यांचं लाडकं शहर. त्यांचे वडील जिनिंगमध्ये कारकून होते. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, लांब धाग्याच्या कापसाचं एक बोंड त्यांनी कुठून तरी मिळवून लहानग्या विनायकाच्या हातावर ठेवलं होतं. "पाऊस पडत नाही तिथे, तरी बघ कसा रेशमासारखा कापूस! सगळी त्या नदीची कृपा." तेवढ्यावर पोरगं त्या शहराच्या प्रेमात पडलं ते पडलंच. पुढे मास्तर झाल्यावर फळ्यावर निळ्या खडूने नाईल काढताना त्यांचा हात जितका हळुवार व्हायचा, तितका स्वतःच्या लग्नात माळ घालताना झाला नसेल. दर वर्षी ते वर्गाला विचारायचे, "कैरोत पाऊस?" आणि चाळीस पोरं छत उडेल अशी ओरडायची, "पडत नाही!"

चाळीस नाही, एकोणचाळीस. एक्कावन्न सालच्या वर्गात एक पोरगं ओरडायचं नाही. सुपडू त्याचं नाव. शेजारच्या बहादरपूर गावचा, केळीवाल्याचा मुलगा. वरची दोन भावंडं दगावली, म्हणून हा जन्मला तेव्हा सुपात घालून ओढला, म्हणून सुपडू. रोज पायी शाळेत यायचा. हुशार होता आणि मुख्य म्हणजे गप्प होता.

वार्षिक परीक्षेत मास्तरांनी पाच गुणांचा प्रश्न घातला, कैरोच्या हवामानाचं वर्णन करा. सुपडूने लिहिलं, "कैरोत पाऊस पडतो. माझा मामा त्यात भिजला आहे."

झालं! मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शून्य गुण दिले ते दिलेच, वर तो पेपर वर्गात वाचून दाखवला. सुपडू उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, की मामा लढाईत होता, मिसरात मोटार हाकायला होता, त्याने स्वतः सांगितलं. आता इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण जिभेला हाड नसतं. मास्तर म्हणाले, "तुझा मामा कैरोत नाही, तापीत भिजला असेल. आणि तेही जरा जास्त घेऊन!"

वर्ग असा हसला, की शेजारच्या वर्गातले मास्तर बघायला आले. सुपडू हसला नाही, रडलाही नाही. भूगोलात तो तीन गुणांनी नापास झाला आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आला नाही. पोरं म्हणाली, केळीच्या बागेत लागला. मास्तर म्हणाले, "बरं." तेवढंच.

पण ते वाक्य शाळेत राहिलं नाही. पोरांबरोबर ते बहादरपूरला गेलं आणि पारावर जाऊन बसलं. सुपडूचा मामा, कडू त्याचं नाव, बहिणीकडेच राहणारा, तोवर पारावर लढाईच्या गोष्टी सांगायचा आणि लोक तोंडाचा आ करून ऐकायचे. आता त्याने तोंड उघडलं की कोणी तरी म्हणायचं, "पडला कैरोत पाऊस!" हळूहळू कोणीही थाप मारली की तेच. व्यापारी केळीच्या भावात खोटं बोलला, पडला कैरोत पाऊस. सोयऱ्याने मुलाचं वय चोरलं, पडला कैरोत पाऊस. म्हणच होऊन बसली ती. बऱ्हाणपूरच्या बाजारातसुद्धा मास्तरांनी ती ऐकली आणि खरं सांगायचं तर मनातून खूश झाले. आपलं वाक्य लोकांच्या तोंडी बसलं, आणखी काय पाहिजे मास्तराला?

पाच वर्षं गेली. छप्पन्न सालच्या जानेवारीत शिक्षणखात्याच्या कुठल्याशा योजनेत पुराणिक मास्तरांची निवड झाली. तीन महिने विलायतेत भूगोल शिकवायची नवी पद्धत शिकायची. खरं तर बोटीने जायचं होतं, पण कागद नागपूरहून दिल्लीला आणि दिल्लीहून नागपूरला असे फिरत राहिले, की बोट निघून गेली. मग खात्याने विमानाचं तिकीट काढलं. मध्ये एक थांबा, कैरो! विमान तासभर थांबणार होतं, पण मास्तरांना तेवढंही पुरे होतं. तासभर तर तासभर. खिडकीतून नाईल दिसली तरी जन्माचं सार्थक.

शारदाबाईंनी सामान बांधलं. दराब्याच्या मिठाईचा डबा, लोकरीचा कोट, पायमोजे आणि छत्री. बऱ्हाणपूरच्या फलाटावर मास्तरांनी ती छत्री बघितली आणि हसत सुटले. "अगं, कैरोवरून चाललोय मी! कैरोत छत्री? शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल तुला." शारदाबाई म्हणाल्या, "विलायतेला लागेल." पण मास्तर ऐकतात होय? छत्री परत घरी गेली.

मुंबईहून मध्यरात्री विमान उठलं. चार पंखे गरागरा फिरत होते. आत माणसं पट्ट्याने बांधून बसवलेली. मास्तरांची काय गत झाली असेल बघा! जिथे स्वतःच्या घरात बसवत नाही तिथे अकरा-बारा तास खुर्चीत. दर अर्ध्या तासाने ते उठायचे आणि दोन ओळींमधून फिरून यायचे. विमानातल्या साडीवाल्या बाईने दोनदा गोड बोलून बसवलं, तिसऱ्यांदा नुसतं बोलून बसवलं. शेजारी खांडव्याचे मोतीलाल शेठ होते, सुताचे व्यापारी, विलायतेला यंत्रं बघायला निघालेले. ते म्हणाले, "मास्टरजी, आप बैठो तो विमान भी जरा आराम से चलेगा."

सकाळी उजाडलं तेव्हा खाली तांबडा समुद्र होता. मास्तरांनी नाक काचेला लावलं. किनारा अगदी फळ्यावर काढतात तसा, एक वळण इकडचं तिकडे नाही. "बरोबर आहे! सगळं बरोबर आहे!" ते ओरडले. मोतीलाल शेठ दचकून जागे झाले आणि काय बरोबर आहे म्हणून विचारायला लागले. "नकाशा हो, नकाशा!" मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा एखादा नकाशा होता तसाच भेटला होता.

पुढे ढग आले. नाईल काही दिसली नाही. विमान ढगांतून खाली उतरलं, चाकं जमिनीला लागली, आणि मास्तरांच्या समोरच्या काचेवर एक ओघळ तिरका वाहत गेला. मग दुसरा. मग काच भरून गेली.

"बारिश," मोतीलाल शेठ म्हणाले.

"छे," मास्तर म्हणाले. "विमान धूत असतील."

दार उघडलं. शिडीवर उभे राहिले आणि पहिला थेंब त्यांच्या टकलावर पडला. थंडगार. मास्तर तिथेच थबकले. मागचे लोक खोळंबले, कोणी तरी ढकललं, तेव्हा खाली उतरले. लंडनला दाट धुकं आहे, विमान संध्याकाळपर्यंत इथेच राहील, तोवर प्रवाशांना शहरात हॉटेलात नेतील असं सांगण्यात आलं. सगळे कुरकुरले. ज्या शहरासाठी मास्तरांनी तासभर मागितला होता, तिथे देवाने अख्खा दिवस दिला आणि वरून पाऊस सोडला.

मोटारीत बसल्याबसल्या मास्तरांनी मनाशी हिशेब मांडला. शंभर वर्षांत एखाद्या वेळी होत असेल. नेमकं आज. योगायोग. असं वाटलं आणि जरा धीर आला. हॉटेलच्या कारकुनाला त्यांनी इंग्रजीत विचारलं, की असा पाऊस इथे कधी पडला होता? कारकून म्हणाला, "गेल्या महिन्यात." मास्तरांना वाटलं, याला प्रश्न कळला नाही. त्यांनी हमालाला विचारलं. तो म्हणाला, थंडीत पडतो, दर वर्षी, चार-सहा दिवस. दारातल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला विचारलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मास्तरांनी आभाळाकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. म्हाताऱ्याने दोन्ही हात पसरले, हसला आणि गुडघा दाबून दाखवला, म्हणजे पाऊस आला की हा दुखतो. आता ज्याच्या गुडघ्याला पाऊस ओळखीचा आहे त्याच्याशी काय वाद घालणार?

"मास्टरजी, पिरामिड देखने चलो," मोतीलाल शेठ म्हणाले. "तुमचं तर लाडकं शहर ना?"

"तुम्ही जा," मास्तर म्हणाले आणि एकटेच बाहेर पडले. छत्री नव्हती. छत्री बऱ्हाणपुरात खुंटीला.

आयुष्यभर ज्या शहराचे रस्ते मनात चालले त्या शहरात मास्तर पाच तास भटकले आणि त्यांनी शहर पाहिलंच नाही. पाऊस पाहिला. तो आपल्याकडच्यासारखा नितळ नव्हता, हवेतली धूळ घेऊन मातकट पडत होता. कोटावर ठिपके उमटत होते. रस्त्यांना गटारं नव्हती. पाणी जाणार कुठे? साचलं. घोट्याएवढं झालं आणि एक ट्राम चौकातच उभी राहिली. कोणाकडेही छत्री नव्हती. बाया टोपल्या, पुरुष वर्तमानपत्रं, जे हाताला लागेल ते डोक्यावर धरून पळत होते. पोरं मात्र पाण्यात नाचत होती. एका पोराने मास्तरांवर पाणी उडवलं आणि खिदळत पळालं. मास्तर रागावले नाहीत. त्यांना वेगळंच काही दिसत होतं. एक पोरगं बाकाजवळ खाली बघून उभं आहे आणि एकोणचाळीस पोरं हसताहेत.

"खरं बोलत होता रे," मास्तर भर रस्त्यात मोठ्याने म्हणाले. "तो मामा खरं बोलत होता."

आणि मग त्यांना 'घेऊन' हा आपला शब्द आठवला. तेव्हा तो मुलांना हसवायला जिभेवर आला होता. ज्याला कधी पाहिलं नाही त्या माणसाला त्यांनी दारुड्या ठरवलं होतं. एका दुकानाच्या पायरीवर ते टेकले आणि लगेच उठले. पुन्हा टेकले, पुन्हा उठले. दुकानात रंगीत कार्डं होती, सगळ्यांवर पिरामिड आणि लख्ख ऊन. मास्तरांनी एक घेतलं. मागे पत्ता लिहिला, सुपडू, मुक्काम बहादरपूर. खाली लिहिलं, "कैरोत पाऊस पडतो. मी त्यात भिजलो आहे." सही केली.

टपालाची पेटी समोरच होती. चार पावलांवर. मास्तर तिच्याकडे गेले आणि हात मागे घेतला. बहादरपूरचा पोस्टमन कार्डं पारावर मोठ्याने वाचून मगच घरोघर देतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपण गावी परतायच्या आधी आपली चूक सगळ्या बऱ्हाणपुरात फिरून येईल! कार्ड कोटाच्या खिशात गेलं. संध्याकाळी विमान उडालं, तेव्हा ढग फाटले होते आणि खाली नाईल सोन्याच्या साखळीसारखी पडली होती. मोतीलाल शेठ म्हणाले, "देखो, देखो!" मास्तरांनी मान वळवली नाही.

विलायतेत तीन महिने काय केलं ते विचारू नका. शिकायचं ते शिकले. पण रोज सकाळी कोट घालताना खिशातलं कार्ड हाताला लागायचं. आज टाकू, उद्या टाकू. कळत होतं पण वळत नव्हतं.

एप्रिलमध्ये मास्तर परतले. स्टेशनवर हार, शाळेत सत्कार. घरी शारदाबाईंनी कोट धुवायला घेतला, तर मास्तरांनी हिसकावला. "ते डाग राहू देत." मग सगळं सांगितलं. शारदाबाई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "कोणाला माहीत आहे? नाही सांगितलं तर काय बिघडतं?"

"त्या पोराला माहीत आहे," मास्तर म्हणाले. "आणि त्याच्या मामाला."

आधी ते मुख्याध्यापकांकडे गेले. एक्कावन्नच्या निकालात सुपडूला पाच गुण वाढवून पास करा म्हणाले. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. "मास्तर, ते निकाल नागपूरच्या दप्तरात. आणि आता राज्यांची फेरआखणी चाललीय, नागपूर आपल्यात राहतंय की जातंय, आपली राजधानी जबलपूर की भोपाळ, हे ब्रह्मदेवाला ठाऊक नाही. तिथे तुम्ही पाच गुण शोधायला निघालात?" मास्तरांनी हात जोडले आणि बाहेर पडले.

मग एका रविवारी चार वाजता ते बहादरपूरच्या पारावर जाऊन उभे राहिले. बातमी पसरायला कितीसा वेळ? विलायतेचे मास्तर आले म्हणताच सगळं गाव गोळा झालं. सुपडूही बागेतून आला होता. वीस वर्षांचा उंच जवान, हातात विळा, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. तो मागे उभा राहिला.

लोकांनी प्रश्नांचा भडिमार केला. "मास्तर, इमान मधातच थांबलं तं?" "इमानात संडास राह्यते का?" मास्तर उभ्या उभ्या सांगत राहिले. विमानात गरम जेवण मिळतं. पटलं. लंडनला जमिनीखालून रेल्वे धावते. पटलं. "अरे वा, क्या बात!" आभाळातून बर्फ कापसासारखा पडतो. तेही पटलं. दुपारी चार वाजता अंधार पडतो म्हणाले, तर एक म्हातारी म्हणाली, "पडत असन बापा, लांबचा देश हाये."

मग मास्तरांनी घसा खाकरला. "आणि एक सांगायचं आहे. मुद्दाम तेवढ्यासाठी आलो. मी कैरोत उतरलो होतो. कैरोत पाऊस पडतो."

मग मागून कोणी तरी बोललं, "पडला कैरोत पाऊस!" आणि हशाचा असा लोट उठला, की झाडावरचे कावळे उडाले.

"अहो, खरंच! मी भिजलो!"

"भिजले! मास्तर बी भिजले!"

"हा कोट बघा, हे डाग!" मास्तर कोट दोन्ही हातांनी ताणून दाखवत होते. लोक पोट धरून हसत होते. "मास्तर लय मजाकी माणूस हाये हो!" कोणी तरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मास्तर जितकं ओरडून सांगत, तितकं गाव जास्त हसे. जमिनीखालची रेल्वे ज्यांनी मुकाट्याने गिळली, त्यांच्या घशाखाली हे चार थेंब उतरेनात. उतरणार कसे? पाच वर्षं मास्तरांनीच त्यांना शिकवलं होतं. मास्तरांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. एकट्या सुपडूला हसू आलं नव्हतं. तो पुढे आला आणि म्हणाला, "चला मास्तर. मामा घरी हाये."

वाटेत दोन्हीकडे केळीच्या बागा. मास्तर पुढे होत, मग मागे राहत. शेवटी खिशातून कार्ड काढून त्यांनी सुपडूच्या हातात दिलं. तीन महिन्यांत त्याचे कोपरे मऊ पडले होते. सुपडूने चालता चालता वाचलं. दोनदा वाचलं.

"मुख्याध्यापकांकडे गेलो होतो," मास्तर म्हणाले. "म्हणतात, निकाल बदलता येत नाही."

"नका बदलू. घड कापाले भूगोल लागत नाही." सुपडू थोडं चालला. "पण शिकाचं तं व्हतं मले, मास्तर. लय शिकाचं व्हतं."

मास्तर चार पावलं पुढे गेले आणि परत मागे आले. सुपडूच म्हणाला, "तुमाले समजाले येवढं मोठं इमान लागलं. मले मामानं सांगतलं, तेवढ्यावर समजलं व्हतं."

अंगणात कडूमामा खाटेवर बसून दोरी वळत होता. हडकुळा म्हातारा, गळ्यात तुळशीची माळ. माळ बघितली आणि मास्तर अंगणाच्या कडेलाच थांबले. हा माळकरी माणूस! थेंबाला न शिवलेला! सुपडूने कार्ड वाचून दाखवलं. कडूमामाने दोरी खाली ठेवली नाही.

"पानी कोणत्या रंगाचं व्हतं?" त्याने विचारलं.

मास्तर समोर उभे होते, हात बांधून. "मातकट. हे बघा, कोटावर डाग आहेत."

"वाहून कुठी गेलं?"

"कुठेच नाही. गटारं नव्हती. रस्त्यात साचलं. ट्राम उभी राहिली."

"लोकायजवळ छत्र्या?"

"नव्हत्या. टोपल्या, वर्तमानपत्रं, जे सापडेल ते डोक्यावर."

"अन् पोरं?"

"पोरं नाचत होती. एकाने माझ्यावर पाणी उडवलं."

कडूमामाचे हात थांबले. "उडवतात," तो म्हणाला. "माझ्या मोटारीवर बी उडवलं व्हतं."

"कडूमामा, मी चुकलो," मास्तर म्हणाले. "भर वर्गात तुम्हाला नाही नाही ते बोललो. तुमचं नाव घालवलं. या पोराची शाळा घालवली. आता सांगायला आलो तर गाव हसतं. मी काय करू?"

कडूमामाने माळेला हात लावला. "पाऊस नाही म्हणले, त्याचा राग नव्हता मास्तर. पाऊस पाह्यला नाही त्यानं नाही म्हणावंच. घेऊन म्हणले, त्याचा आला." पारावरून हशाची नवी लाट ऐकू आली. मास्तरांचंच वाक्य कोणी तरी मास्तरांच्या आवाजात म्हणत होतं. मामाने तिकडे कान दिला. "हासतीन. मले पाच वर्सं हासले. आता तुमाले हासतीन." मग त्याने दोरीचा गुंडा उचलून मांडीवर घेतला आणि सरकून खाटेवर जागा केली. "बसा मास्तर. आता आपण दोघं झालो."

मास्तर बसले. सुपडूने चहा आणला, चहा संपला, दिवस मावळला, पारावरची माणसं आपापल्या घरी गेली, तरी उठले नाहीत.